पान एकशे चौऱ्याऐंशीवरची खूण

मी एक खूण. पुस्तकात घालतात ती. वाचणारा कुठवर आलाय एवढंच मला कळतं, आणि माझं सगळं दुखणं त्यातच आहे, कारण मी एका समीक्षकाच्या घरात राहते.

माझा जन्म कात्रीतून झाला. या घरातल्या बाईंकडे लग्नाआधीपासूनची एक रॉक संगीताची रेकॉर्ड होती. तिच्या पुठ्ठ्याच्या पाकिटावर एकदा फुलदाणीतलं पाणी सांडलं. पाकीट फुगलं, कडा सुटल्या. बाई काही टाकून देणाऱ्यांतल्या नाहीत. त्यांनी कोरडा राहिलेला भाग कापला आणि त्याच्या पाच पट्ट्या केल्या. माझ्या वाट्याला गिटारची निम्मी मान आणि ड्रम वाजवणाऱ्याचा एक बूट आला. गायकाचं तोंड धाकट्या बहिणीला मिळालं. ती फोन नंबरांच्या वहीत लागली, आणि रोजच्या हाताळणीत दोन वर्षांत तिचं तोंड पुसलं गेलं. तेव्हापासून मी बुटावर समाधानी आहे.

बाई एका प्रकाशनसंस्थेत प्रुफं तपासतात. त्यांचे यजमान समीक्षक. त्यांना सगळे 'सर' म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कादंबरी आणि कविता हे सरांचे मुख्य विषय. वर्तमानपत्राला दुसरं कुणी मिळालं नाही तर ते संगीतावरही लिहितात.

पहिली सहा-सात वर्षं मी बरीच फिरले. जुन्या थोर कादंबऱ्या पाहिल्या, नव्या आणि थोर होण्याच्या तयारीत असलेल्याही पाहिल्या. पण तीनशे पानांहून मोठ्या पुस्तकाचा शेवट काही माझ्या नशिबी आला नाही. सर वाईट वाचत नसत, खोटं कशाला बोलू. पेन्सिल घेऊन बसायचे, समासात 'वा', 'इथे घाई', 'हे उसनं' असं लिहायचे, आणि ते बहुतेक बरोबर असायचं. पण शंभरएक पानं झाली की त्यांच्या डोक्यात लेख तयार व्हायचा. एकदा लेख तयार झाला की समीक्षकाला पुस्तकाची अडचण वाटायला लागते. ते पुढे काहीतरी भलतंच करून ठेवेल, अशी धास्ती असते. मग सर मला तिथेच ठेवून पुस्तक मिटायचे आणि लिहायला बसायचे.

कवितासंग्रहाची रीत वेगळी. पहिली कविता, शेवटची कविता आणि मधली एक. मधली कुठली, तर पुस्तक अंगठ्याने उघडेल ती. तीन कवितांवर सर चार पानं लिहीत. दुसऱ्या दिवशी कवीचा आभाराचा फोन. 'माझ्या बाकीच्या एकोणचाळीस कवितांचं काय झालं?' असं एकाही कवीने विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. कवी तरी कुठे सगळा लेख वाचतात. आपलं नाव किती वेळा आलंय तेवढं बघतात. फिट्टंफाट.

बाईंनी कधी टोकलं तर सर म्हणत, "शितावरून भाताची परीक्षा होते."

"शीत कच्चं लागलं तर भात अजून शिजू द्यायचा असतो," बाई म्हणत, आणि पुढचं प्रूफ ओढत. त्या स्वतः सगळं शेवटपर्यंत वाचतात. प्रुफांचं कामच तसं. शेवटच्या पानावरचा स्वल्पविराम कुणाच्या तर्काने सापडत नाही.

मग ती कादंबरी आली. आठशे बारा पानांची, जुनी, सगळ्यांनी वाचलेली आहे असं सगळे म्हणतात तसली. नदीकाठी एक पिठाची गिरणी असते. पूर येतो तेव्हा धाकटा भाऊ आजारी बापाला आणि बहिणीला टाकून पळतो. वर्षाने परत येतो. पान एकशे एक्याऐंशीवर बहीण त्याला पाहते, आत जाते आणि दाराला आतून कडी लावते. सरांनी 'वा' लिहिलं. पुढची तीन पानं शिष्टाचार म्हणून वाचली आणि मला एकशे चौऱ्याऐंशीवर ठेवलं.

तिथे मी एकोणीस वर्षं होते.

लेखाचं नाव 'आतून लावलेली कडी'. त्यातलं एक वाक्य फार गाजलं: 'आठशे पानं संपतात, पण कडी निघत नाही.' क्षमा न करणारी एकमेव थोर कादंबरी, असं सरांचं म्हणणं. पुढे तो लेख महाविद्यालयात लागला. मुलं लेख वाचून परीक्षा देत, मास्तर लेख वाचून शिकवत. कादंबरीच्या वाटेला कुणी जाईना. एकदा मात्र प्रबंध करणारी एक बाई घरी आली. चहा झाल्यावर तिने भीत भीत विचारलं, "सर, शेवटी ती दार उघडते ना?"

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "उघडते का? खरंच?"

तिने पिशवीतून वही काढली. मग तिने ते वाक्य वहीत लिहून घेतलं, आणि त्यावर तिचं एक आख्खं प्रकरण झालं: उघडलेलं दार हे मुळात बंदच कसं असतं. तिला पदवी मिळाली. सरांनी त्या शेवटाची चौकशी पुढे केली नाही.

मी त्या काळात दोन पानांची जाणकार झाले. एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे पंच्याऐंशी माझ्याइतकी कुणी वाचली नसतील. एकशे पंच्याऐंशीच्या तळाशी एक वाक्य आहे: 'पिठाच्या धुळीत उभी असताना तिला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं, की'. इथे पान संपतं. तिला काय वाटलं याचा मी एकोणीस वर्षं विचार केला. प्रेम धरून पाहिलं, मरण धरून पाहिलं, देवही धरून पाहिला. समीक्षा कशी होते ते मला तेव्हा आतून कळलं. पुढचं पान नसलं की फार सुचतं.

माझं वरचं टोक पुस्तकाबाहेर दोन बोटं राहिलं होतं, त्यामुळे बाहेरच्या खोलीतलं सगळं मला दिसायचं. या घरात एक लेक आहे. शाळेत असताना ती बाईंची ती जुनी रेकॉर्ड लावायची आणि सोफ्याच्या हातावर दोन फूटपट्ट्यांनी ठेका धरायची. सोफ्याचा हात गेला. पुढे ती एका बँडमध्ये ड्रम वाजवायला लागली. दिवसा एका दवाखान्यात एक्स-रे काढते, उरलेल्या वेळात वाजवते. चार वर्षांपूर्वी तिच्या बँडची पहिली रेकॉर्ड आली. नऊ गाणी. शब्द छापलेली पातळ पुस्तिकाही सोबत होती. ती रेकॉर्ड तिने स्वतः आणून सरांच्या हातात दिली. "बाबा, ऐका. मग काय ते खरं सांगा," म्हणाली.

सरांनी पहिलं गाणं पावणेदोन मिनिटं ऐकलं. मी पाहत होते. मग सुई उचलली आणि लिहायला बसले. पक्षपात करायचा नाही हे त्यांनी मनाशी इतकं पक्कं ठरवलं होतं, की लेख जरा जास्तच तिखट झाला. 'स्वयंपाकघरातलं फडताळ कोसळलं तरी ही मंडळी टाळ्या वाजवतील,' असं त्यात एक वाक्य होतं. वर्तमानपत्राने तेच मोठ्या अक्षरात छापलं.

लेक आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "किती ऐकलंत?"

"शितावरून," सरांनी सुरुवात केली.

तिने पुढचं ऐकलं नाही. त्या दिवसापासून ती सरांशी बोलत नाही. रविवारी येते, आईशी गप्पा मारते, जेवते, भांडी घासू लागते, जाते. सर समोर बसलेले असले तरी 'आई, मीठ तिकडे आहे का विचार' असं चालतं. सर 'तिला सांग, आहे' म्हणतात. पहिल्या वर्षी सरांना वाटलं, निवळेल. दुसऱ्या वर्षी त्यांना राग आला. तिसऱ्या वर्षी ते रविवारी सकाळपासून दाढी करून बसायला लागले. मला त्यांची कीव यायची. पण तिचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही.

यंदा बाईंच्या प्रकाशनसंस्थेने सरांच्या निवडक लेखांचं पुस्तक काढायचं ठरवलं. नाव अर्थातच 'आतून लावलेली कडी'. फडताळाचा लेखही त्यात होता. संपादकांनीच निवडला होता, विनोदी म्हणून. लेकीला कळलं तेव्हा ती भांडी पुसत होती. आईला म्हणाली, "वर्तमानपत्राची रद्दी होते, आई. पुस्तक राहतं. ते तसंच छापलं तर मी रविवारी इथे नाही यायची. तू येत जा माझ्याकडे."

सर बाहेरच्या खोलीतच होते. त्यांनी ऐकलं. पेपराचं पान उलटलं. बराच वेळ तेच पान पुन्हा पुन्हा उलटत होते.

पुस्तकाची प्रुफं बाईंकडे आली. आता प्रुफांचा एक नियम आहे. तपासणाऱ्याने मजकूर बदलायचा नाही. चूक दिसली, पटलं नाही, तर समासात शंका लिहायची आणि खाली 'लेखकाने पाहावे'. मग लेखकाने 'ठीक' लिहायचं किंवा दुरुस्ती करायची. लेखक कितीही मोठा असला तरी शंकेला उत्तर दिल्याशिवाय पान पुढे जात नाही. आणि बाईंचा स्वतःचा आणखी एक नियम: प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकाशी ताडून पाहायचं.

त्यांनी कादंबरी फळीवरून काढली. अवतरणं सतरा होती. सगळी पान एकशे एक्याऐंशीच्या आतली. मग त्यांचं बोट मला लागलं. मी कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, माझ्यावरची धूळ पदराने पुसली, आणि "अस्सं" म्हणाल्या. बस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, जसं काही मीच वाचायची थांबले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर जेवणाच्या टेबलाशी प्रुफं पाहायला बसले. बाई समोर शेंगा सोलत होत्या.

"हे काय?" सर म्हणाले.

"शंका आहे."

समासात बाईंच्या बारीक अक्षरात होतं: 'पान ७९६ वर कडी निघते. लेखकाने पाहावे.'

"मला तोंडी विचारता आलं असतं की."

"तोंडी विचारलं की तुम्ही व्याख्यान देता. समासात तेवढी जागा नसते."

सरांनी पेन उघडलं आणि लिहिलं: 'ठीक. कडी प्रतीकात्मक.' संध्याकाळी ते पान परत त्यांच्यासमोर आलं. खाली नवी शंका: 'प्रतीक कोणत्या पानावर?'

फडताळाच्या लेखाच्या समासात तर एवढंच होतं: 'गाणी नऊ आहेत. किती ऐकली? लेखकाने पाहावे.' त्या शंकेला सरांनी हातच लावला नाही. ते उठले, फळीपाशी आले, कादंबरी काढली आणि मला उपसलं. गिटारच्या मानेकडे पाहत उभे राहिले.

"कुठून वाचू?" त्यांनी विचारलं. असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"पहिल्यापासून," बाई म्हणाल्या. "मधलं आता तुम्हाला कुठे आठवणार."

तेरा दिवस लागले. तेरा दिवस मी चालत होते. रोज दुपारी साठ-सत्तर पानं. तिसऱ्या दिवशी एकशे शहाऐंशी आलं. 'तिला तेव्हा पहिल्यांदा असं वाटलं, की दिव्यात तेल घालायला हवं.' झालं. मी प्रेम, मरण आणि देव धरून बसले होते. दोन दिवस मला त्या लेखकाचा राग होता. मग पुढच्या शंभर पानांत ती बहीण रोज दिवा लावून खिडकीत ठेवते, कुणासाठी ते कुणाला सांगत नाही, आणि माझं मत बदललं. चारशेव्या पानाच्या सुमाराला सर एकदम म्हणाले, "अगं, हा माणूस फार चांगलं लिहितो." ज्या लेखकावर ते एकोणीस वर्षं बोलत आले होते, त्याच्याबद्दल.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणतात तसं."

पान सातशे शहाण्णव. तिथे मोठं काही घडत नाही. भाऊ येतो, दाराशी उभा राहतो, हाक मारत नाही. आतून कडी निघते. बहीण म्हणते, 'पाय पूस आधी.' इतकंच. सरांनी ते तीनदा वाचलं. मग चष्मा काढला आणि डोळे पुसले, आधी चष्मा पुसायचं विसरून.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मी ही कादंबरी लग्नाआधी वाचलीय."

"मग एवढी वर्षं बोलली नाहीस?"

"लेख माझ्यापर्यंत आला तो छापूनच. छापून झालेल्यावर शंका काढून काय करायचं." बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. "आणि तुम्हाला लाज वाटली असती. मला ते बघवलं नसतं. चुकलंच माझं. तेव्हाच टोकलं असतं तर पोरीच्या वेळी तुम्ही जरा जपून लिहिलं असतं."

कडीचा लेख सरांनी काढून टाकला नाही. त्याच्याखाली दोन ओळी घातल्या: 'हा लेख लिहिला तेव्हा मी ही कादंबरी पान १८४ पर्यंत वाचली होती. आता पूर्ण वाचली आहे. लेख चूक आहे, कादंबरी बरोबर आहे.' संपादकांचा फोन आला. ते म्हणाले, सर, अहो पुस्तकाचं नावच ते आहे. सर म्हणाले, असू द्या. बाईंनी त्या दोन ओळी तपासल्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला.

मग सरांनी लेकीची रेकॉर्ड शोधून काढली. रोज एक गाणं, कारण त्यांचं डोकं दुखायचं. गाणं आधी एकदा नुसतं ऐकायचं, मग पुस्तिका उघडून पेन्सिल घेऊन. कुठवर आलो ते कळावं म्हणून मला त्यांनी पुस्तिकेत ठेवलं. पुठ्ठ्याच्या पाकिटातून निघालेली मी, इतक्या वर्षांनी पुन्हा गाण्यांमध्ये आले. मला बरं वाटलं, आणि थोडं दुखलंही, कारण पुस्तिका फार आवळ होती.

सरांना रॉक आवडायला लागलं, असं काही झालं नाही. कादंबरीत माणूस दमला की लेखक परिच्छेद पाडतो, हे लोक दमले की आवाज वाढवतात, असं ते बाईंना म्हणाले. कवितेत न बोललेलं ऐकू येतं, इथे बोललेलंही येत नाही, असंही म्हणाले. पण सातव्या गाण्याला ते थांबले. त्यात ड्रम मध्येच आठ मोजेपर्यंत गप्प होतो आणि नंतर हळूच परत येतो. सरांनी ते तीनदा लावलं. समासात लिहिलं, 'इथे ती थांबते. थांबणं तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.' मी ते वाचलं आणि मला भरून आलं.

नऊ गाणी झाल्यावर त्यांनी फडताळाच्या लेखावर उभी रेघ मारली आणि नवा लेख लिहिला. आज रविवार. लेक आली. बाईंनी नव्या लेखाचं प्रूफ आणि ती पुस्तिका तिच्यासमोर ठेवली.

"तू पाहून दे. मला जवळच्यांच्या चुका लवकर दिसत नाहीत."

लेकीने उभ्यानेच वाचलं. लेख गोड नाही. पाच गाणी कच्ची, तीन बरी, एक उत्तम, असा हिशेब आहे, आणि प्रत्येकाचं कारण दिलंय. सर खुर्चीत बसून हाताची बोटं एकमेकांत अडकवत होते. दाढी करताना हनुवटीवर कापलं होतं.

लेकीने पुस्तिकेची पानं एकेक करून पाहिली. मला बाजूला काढून टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून सरांच्या समोर बसली.

"चौथं लांबलंय, असं लिहिलंय," ती म्हणाली. आईकडे न बघता.

सर खुर्चीत पुढे सरकले. "लांबलंयच. साडेसहा मिनिटं आहे. चारात झालं असतं."

"मीही तेच सांगत होते. गिटारवाला ऐकेल तर ना." तिने पुस्तिकेचं शेवटचं पान उघडलं. "नवव्याबद्दल मात्र तुमचं चुकलंय. आवाज केवढा ठेवला होतात?"

"शेजारी ऐकू जाणार नाही एवढा."

"मग नववं ऐकलंच नाहीत तुम्ही."

"लाव मग," सर म्हणाले. "ऐकतो."

तिने लावलं. हे मी सांगतेय तेव्हा ते चालू आहे. टेबल थरथरतंय आणि मी कडेकडे सरकतेय. बाईंनी शेजारच्यांना दारातूनच हात जोडून सांगितलंय. मला आता पान नाही. कादंबरी संपली, पुस्तिका संपली, आणि संपलेल्या पुस्तकाला खूण लागत नाही. मी खाली पडेन बहुतेक. पडले तर कुणीतरी उचला. कुठल्याही पुस्तकात घाला, जाड, बारीक, वाईटसुद्धा चालेल. फक्त दुसऱ्या दिवशी येऊन मला पुढे न्या. मत नंतर द्या.

गाणं संपलं. सर छताकडे पाहत होते. लेक त्यांच्याकडे.

"अजूनही नाही आवडलं," सर म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. "बाबा, का नाही ते सांगा."